सोसायटीच्या फॉर्मवर भाऊ नॉमिनी आहे, म्हणजे फ्लॅट त्याचाच झाला का?

वारजेची_मुलगी

नमस्कार. जरा लांबलचक आहे पण नीट सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही म्हणून सगळं लिहितेय.

बाबा गेल्या वर्षी गेले. वारज्यात आमचा टू बीएचके आहे, २००३ साली घेतलेला, लोन बाबांच्या पगारातून फेडलं. सोसायटीच्या नॉमिनेशनच्या फॉर्मवर बाबांनी दादाचं नाव टाकलंय, शंभर टक्के. आमच्या घरात तेव्हा याच्यावर काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही, मुलगा म्हणून त्याचं नाव टाकलं असणार. दादा-वहिनी आईबरोबर तिथेच राहतात, मी लग्न होऊन हडपसरला.

आता दादाला हा फ्लॅट विकून बावधनला मोठा घ्यायचाय. त्याचं म्हणणं मी नॉमिनी आहे म्हणजे बाबांनी फ्लॅट मला दिलाय, तुझी आणि आईची फक्त एक एनओसी लागेल, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सही करून दे. सोसायटीचे सेक्रेटरी पण तेच म्हणाले की नॉमिनी आहे म्हटल्यावर शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, त्याच्या नावावर करून देऊ, बाकी वारसांशी सोसायटीला काही देणंघेणं नाही.

दादा वाईट नाहीये हो, बाबांच्या आजारपणात त्यानेच सगळं केलं, रात्र रात्र हॉस्पिटलमध्ये तोच होता. मला पैशासाठी भांडायचं पण नाही. पण आईच्या नावावर उद्या काहीच राहणार नाही या विचाराने झोप लागत नाही आणि आई म्हणते गप्प बस, भावाबहिणीत वाद नको.

तर मला हेच समजून घ्यायचंय की कायद्यात नॉमिनी म्हणजे नक्की कोण? मालक? वारस? का नुसतं नाव? आणि सोसायटीने त्याच्या नावावर केलं तर माझा आणि आईचा हक्क संपतो का? मृत्युपत्र वगैरे बाबांनी केलेलं नाही, कपाट सगळं शोधून झालं. बँकेची एफडी आणि एलआयसी दोन्हीवर आई नॉमिनी होती, ते पैसे आईला मिळालेत, त्यात काही अडचण आली नाही.

माजी_सचिव_कर्वेनगर

ताई, आधी एक करा, त्या एनओसीवर सही करू नका. दादाशी भांडू नका, फक्त थांब म्हणा, आधी माहिती काढतो सगळे मिळून.

मी बरीच वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो त्यामुळे हा विषय माझ्या टेबलावर कित्येकदा आलाय आणि दर वेळी हीच समजूत असते की नॉमिनी म्हणजे मालक. नाही. सभासद गेल्यावर सोसायटीने मेंटेनन्सचं बिल कुणाच्या नावाने पाठवायचं, मीटिंगची नोटीस कुणाला द्यायची, पत्रव्यवहार कुणाशी करायचा यासाठी एक माणूस लागतो, तो नॉमिनी. भिशीचे पैसे जिच्याकडे जमा असतात ती काही त्या सगळ्या पैशांची मालकीण होत नाही ना, तसंच हे. तुमच्या सेक्रेटरींना मुद्दाम खोटं बोलायचं असेल असं मला वाटत नाही, पूर्वी बऱ्याच सोसायट्यांमध्ये असंच चालायचं आणि कुणी विचारायचं पण नाही.

पण २०१९ मध्ये आपल्या सहकार कायद्यात, म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये, हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरणच घातलं गेलं. त्यातलं कलम १५४ब-१३ तुमच्या सेक्रेटरींना वाचायला द्या. त्यात म्हटलंय की सभासद वारला तर त्याचा हिस्सा मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस दाखला किंवा वारसांनी आपसात केलेलं कौटुंबिक व्यवस्थेचं कागदपत्र यांच्या आधारे ट्रान्सफर करायचा, किंवा नॉमिनीकडे करायचा, पण नॉमिनीला घ्यायचं ते तात्पुरता सभासद म्हणून, खरे वारस किंवा मृत्युपत्राने ज्याला हक्क मिळालाय तो माणूस सभासद होईपर्यंत. तात्पुरता हा शब्द कायद्यातच आहे, माझ्या पदरचा नाही. म्हणजे कमिटीने दादाला तात्पुरता सभासद करून घेतलं तर त्यात चुकीचं काही नाही, पण तो कायमचा मालक झाला असं समजून पुढचा विक्रीचा ट्रान्सफर मंजूर करायचा म्हटलं तर कमिटी स्वतः अडचणीत येईल.

तुम्ही काय करायचं तर कमिटीला एक साधं पत्र द्या. वडील अमुक तारखेला वारले, मृत्युपत्र नाही, वारस हे हे आहेत, सगळ्या वारसांच्या लेखी संमतीशिवाय या फ्लॅटच्या विक्रीचा कुठलाही ट्रान्सफर करू नये. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि सही घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पत्र सौम्य भाषेत लिहा, दादाच्या विरोधात तक्रार वाटेल असं लिहू नका, एक प्रत दादाला आधी दाखवलीत तर अजून चांगलं कारण कमिटीकडून त्याला कळलं तर मन जास्त दुखतं.

आणि शेअर सर्टिफिकेटकडे बघत बसू नका, रजिस्टर झालेलं ॲग्रीमेंट आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा गोषवारा, काढा. मालकी तिथे दिसते. त्यावर एकट्या बाबांचं नाव आहे की आईचं पण?

वारजेची_मुलगी

काका खूप आभार. दुपारी आईकडे जाऊन फाईल बघितली. इंडेक्स टू वर बाबा आणि आई दोघांची नावं आहेत! आईला हे माहीतच नव्हतं, ती म्हणाली हो कुठल्यातरी ऑफिसात नेऊन सह्या आणि अंगठे घेतले होते. शेअर सर्टिफिकेटवर मात्र पहिलं नाव बाबांचं आणि आई असोसिएट मेंबर असं लिहिलंय. आई नोकरी करत नव्हती, पैसे सगळे बाबांचेच.

कोर्टाच्या_वाटेवर

शिवाजीनगरला दिवाणी बाजूला प्रॅक्टिस करतो, कागद न बघता पक्कं मत देता येत नाही पण ढोबळ चित्र सांगतो, कारण तुमच्या शेवटच्या मेसेजने सगळं गणितच बदललंय.

पहिलं नॉमिनी या शब्दाबद्दल. यावर सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल आहे, सरबती देवी विरुद्ध उषा देवी, १९८४ चा म्हणून ओळखतात. त्यात एक माणूस मृत्युपत्र न करता वारला, त्याच्या दहा दहा हजारांच्या दोन विमा पॉलिसी होत्या आणि दोन्हीवर बायको नॉमिनी. मागे आई, बायको आणि मुलगा. बायकोचं म्हणणं मी नॉमिनी म्हणून सगळे पैसे माझे. कोर्टाने सांगितलं की नॉमिनीला पैसे स्वीकारण्याचा अधिकार आहे, कंपनीने त्याला पैसे दिले की कंपनी मोकळी, पण ते पैसे वारसा कायद्याने ज्यांचे आहेत त्यांचेच राहतात, आई, बायको, मुलगा प्रत्येकी एक तृतीयांश. त्यानंतर बँक, शेअर, सोसायटी सगळीकडे हाच मुद्दा वेगवेगळ्या रूपात पुन्हा पुन्हा कोर्टात गेला. मध्ये २०१० ला मुंबई हायकोर्टाच्या एका निकालाने शेअर्सच्या बाबतीत नॉमिनीच मालक असं म्हटलं होतं आणि लोकांचा बराच गोंधळ झाला. मग कालनिर्णयवाल्या जयंत साळगावकरांच्या कुटुंबातल्या शेअर्स आणि म्युच्युअल फंडांवरून केस झाली, शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर, तीत हायकोर्टाच्या खंडपीठाने २०१६ ला तो आधीचा निकाल चुकीचा ठरवला आणि १४ डिसेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानेही हायकोर्टाचंच म्हणणं कायम ठेवलं. नॉमिनेशन हा वारसा ठरवायचा तिसरा मार्ग नाही, एक तर मृत्युपत्र नाही तर वारसा कायदा.

सोसायटीवाले एक निकाल दाखवतात, इंद्राणी वाही, २०१६, पश्चिम बंगालमधला. त्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की सोसायटीवर नॉमिनेशन बंधनकारक आहे, तिने नॉमिनीच्या नावे करून द्यावं. तुमचे सेक्रेटरी म्हणतात ते बहुतेक यावरून. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की कुटुंबातल्या बाकीच्यांना आपला मालकी हक्क योग्य त्या ठिकाणी मागायची मोकळीक आहे. लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि फाईल बंद करतात, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या भांडणांचं मूळ इथेच असतं असं मला वाटतं.

आता तुमचा फ्लॅट. रजिस्टर दस्तावर आईबाबा दोघं खरेदीदार आहेत आणि हिस्से वेगळे लिहिलेले नसतील तर साधारणपणे निम्मे निम्मे धरतात. पैसे एकट्या बाबांनी भरले म्हणून आईचं नाव नावापुरतंच होतं असा वाद कुणी काढू शकतो, पण तो सिद्ध करायचं ओझं काढणाऱ्यावर आणि नवऱ्याने बायकोच्या नावे घेतलेल्या घरात ते सोपं नाही. म्हणजे निम्मा फ्लॅट आजही आईचाच आहे, त्यावर बाबांच्या नॉमिनेशनचा काही परिणाम होत नाही, बाबा फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं नॉमिनी नेमू शकत होते. असोसिएट मेंबर हा सोसायटीतला दर्जा आहे, त्याने मालकी येतही नाही आणि जातही नाही. मालकी आली ती दस्ताने.

उरलेला निम्मा बाबांचा. मृत्युपत्र नाही आणि तुम्ही हिंदू असाल तर हिंदू वारसा कायदा १९५६, कलम ८, वर्ग एकचे वारस. बायको, मुलगा, मुलगी आणि मृताची आई. सगळ्यांना समान. मुलीचं लग्न झालंय की नाही याचा काडीचा संबंध नाही. मी हे मुद्दाम विचारतो कारण लोक हमखास विसरतात, तुमची आजी, म्हणजे बाबांची आई, बाबा गेले तेव्हा हयात होती का? आजोबा असतील तर ते वर्ग एकमध्ये येत नाहीत, आजी येते.

आणि ताई, एक गोष्ट कडू लागेल पण सांगतोच. एफडीचे पैसे आईला मिळाले तेही याच नियमाखाली येतात. आई नॉमिनी म्हणून बँकेने तिला दिले ते बरोबर, पण त्यात दादाचा आणि तुमचाही हिस्सा आहे, आजी असेल तर आजीचाही. दादाला नॉमिनीचा अर्थ समजावून सांगताना ही गोष्ट लपवू नका, त्याच्या बाजूची गोष्ट तुम्ही स्वतः सांगितलीत तर तो तुमचं बाकीचं ऐकेल.

पॉलिसीवाला_धायरी

वकील साहेब सगळं बरोबर पण एलआयसीबद्दल एक दुरुस्ती सुचवतो, कारण सरबती देवीनंतर कायदा बदललाय. विमा कायद्याचं कलम ३९ २०१५ च्या दुरुस्तीने बदललं आणि आता पॉलिसीधारकाने आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं यांच्यापैकी कुणाला नॉमिनी केलं असेल तर तो नॉमिनी स्वतः त्या पैशाचा लाभधारक धरला जातो. आम्ही लोकांना फॉर्म भरताना हेच सांगतो. त्यामुळे एलआयसीचे पैसे ताईंच्या आईचेच. एफडीला हा नियम नाही.

तुमच्या ओळखीत कुणाचं नॉमिनेशन जुनं असेल तर जाता जाता सांगा की पीएफचं वेगळंच आहे, तिथे कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच लागतो आणि कुटुंब नसताना दुसऱ्या कुणाचं नाव टाकलं असेल तर पुढे कुटुंब झालं की ते नॉमिनेशन रद्द धरतात. कित्येक लोक लग्नानंतर फॉर्म बदलतच नाहीत. आणि बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनीपर्यंत टाकता येतात, कुणाला किती टक्के ते पण लिहिता येतं, लॉकरला मात्र एकामागून एक अशाच क्रमाने.

कोर्टाच्या_वाटेवर

@पॉलिसीवाला_धायरी कलम ३९ चा मुद्दा बरोबर आणला, मी मघाशी एफडीच्या नादात ते सोडून पुढे गेलो. कायद्याची भाषा तुम्ही म्हणता तशीच आहे आणि आई बायको या नात्याने त्यात बसते. फक्त त्या दुरुस्तीने वारसा कायदा पूर्ण बाजूला पडतो का यावर कोर्टांचं एकमत नाही, कर्नाटक हायकोर्टाने वारसांनी दावा केला तर त्यांचा हक्क राहतो अशा बाजूने निकाल दिलाय. पण या घरात एलआयसीवर कुणी वाद घालत नाहीये त्यामुळे तो विषय उकरून काढायची गरज नाही.

वारजेची_मुलगी

आजी आहे! भोरजवळच्या गावी मोठ्या काकांकडे असते, खूप थकलीये पण डोकं एकदम व्यवस्थित आहे. तिचा यात हक्क असेल हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात पण आलं नव्हतं. म्हणजे कोणाचा किती होतो मग?

भोरची_लेक

मी वकील नाही पण आमच्या घरात अगदी हेच झालं म्हणून लिहितेय, हिशोब मी सांगते, साहेब चुकलं तर दुरुस्त करा. निम्मा आईचा. बाबांच्या निम्म्याचे चार भाग, आई, दादा, तू, आजी. म्हणजे प्रत्येकी एक अष्टमांश. आईचे एकूण झाले आठातले पाच, दादाचा एक, तुझा एक, आजीचा एक.

आता आजीचा तो एक भाग कसा अडतो ते ऐक. आमचे भाऊ, म्हणजे वडील, गेले तेव्हा आजी होती, आम्ही म्हटलं तिला कशाला त्रास द्यायचा, ती तर म्हणतेय मला काही नको. तोंडी म्हणाली, कागद कुणीच केला नाही. दोन वर्षांनी आजी गेली. मग आजीच्या हिश्श्याला तिचे सगळे वारस लागले, दोन काका, तीन आत्या, त्यातल्या एक आत्या आधीच वारल्या होत्या म्हणून त्यांची मुलं, एक मुलगा दुबईला. सगळी माणसं चांगली, कुणालाही आमच्या घरातला एक रुपया नको होता, तरी सगळ्यांच्या सह्या एका कागदावर आणायला आम्हाला जो वेळ लागला तो मी शत्रूलाही देणार नाही. घ्यायला तयार असलेला माणूस सोडून गेला कारण त्याची बँक म्हणाली सगळे वारस सही करत नाहीत तोपर्यंत लोन देणार नाही. तुझ्या दादाला हेच सांग. त्याला उद्या फ्लॅट विकायचाच आहे ना, मग घेणाऱ्याच्या बँकेचा वकील पहिल्याच दिवशी विचारणार की मूळ मालकाचे वारस कोण, आणि नॉमिनेशनचा फॉर्म पुढे केला तर तो मान हलवेल आणि म्हणेल बाकीच्यांचं काय. हे तुझ्या हक्कापुरतं नाहीये, त्याचा व्यवहार पुढे सरकायचा असेल तर त्यालाही हे लागणारच आहे.

आणि एनओसीबद्दल माजी सचिव काकांना माझा शंभर टक्के दुजोरा. आमच्याकडे सुरुवातीला असाच एक ना हरकतीचा कागद केला होता नोटरी करून, पुढे त्याचा काही उपयोग झाला नाही.

कोर्टाच्या_वाटेवर

@भोरची_लेक हिशोब बरोबर आहे. आजीच्या हिश्श्याला कलम १५ लागतं, तिची मुलं, मुली आणि आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं. म्हणजे यांच्या केसमध्ये आजी मृत्युपत्राशिवाय गेली तर काका-आत्यांबरोबर दादा आणि ताई स्वतः पण त्या एक अष्टमांशात पुन्हा वारस म्हणून येतील, हिस्से इतके बारीक होतात की हिशोबाला पानं लागतात.

नोटरी केलेली एनओसी का चालत नाही ते सांगतो. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र लागतं आणि नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ प्रमाणे ते रजिस्टर करावं लागतं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नुसत्या एनओसीने तुमचा हक्क जातही नाही आणि दादाला तो मिळतही नाही, फक्त पुढे भांडणात "तू तेव्हा सही केली होतीस" म्हणून तो कागद तुमच्या तोंडावर येतो.

हक्कसोडपत्र करायचंच ठरलं तर ते कुणाच्या लाभात सोडताय ते नाव त्यात स्पष्ट लिहा. हे मी प्रत्येक बहिणीला सांगतो. हक्क सोडणे म्हणजे भावालाच देणे असं कुठे लिहिलेलं नाही. तुम्हाला आईची काळजी आहे तर तुमचा अष्टमांश आईच्या लाभात सोडा, आजीलाही पटलं तर तिचाही आईच्या लाभात. मग आईचे सात आणि दादाचा एक. आई पुढे तिच्या मर्जीने मृत्युपत्र करेल, दादाला देईल, दोघांना देईल, तो तिचा प्रश्न. किंवा अजिबात सोडू नका, तुमचा हिस्सा ठेवा आणि विक्रीच्या वेळी सगळे मिळून सह्या करा, पैसे हिश्श्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या खात्यात. बावधनच्या फ्लॅटमध्ये आईचे पैसे जाणार असतील तर तिथल्या ॲग्रीमेंटवर आईचं नाव खरेदीदार म्हणून हवं, यावर मात्र अडून बसा.

जवळच्या नात्यात मोबदला न घेता केलेल्या हक्कसोडपत्राला स्टॅम्प ड्युटी साधारणपणे किरकोळ असते, पण नातं कुठलं आणि मिळकत कशी आली यावर ती ठरते, म्हणून मसुदा केल्यावर दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. दस्त सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीला द्यायचा.

सोसायटी किंवा घेणाऱ्याची बँक वारस दाखला मागेल अशी शक्यता आहे. तो शिवाजीनगरला दिवाणी न्यायालयातून मिळतो, कायदा इंग्रजांच्या काळातला, १८२७ चं आठवं रेग्युलेशन, अजून चालू आहे. अर्ज केला की जाहीर नोटीस निघते, कुणी हरकत घेतली नाही तर विशेष अडचण येत नाही. मृत्युपत्र असतं तर पुण्यातल्या मिळकतीसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं नव्हतं, मुंबईत पूर्वी ते सक्तीचं होतं ते ऐकून लोक उगाच घाबरतात. आणि महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलावर किंवा लाइटबिलावर दादाने नाव लावलं असेल तर त्याने घाबरू नका, बिलावरचं नाव म्हणजे मालकी नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, महिलांना उत्पन्नाची अट नाही, मोफत सल्ला मिळतो. आईला घेऊन जा, तिने स्वतः ऐकलेलं बरं.

हडपसर_वाचक

मधेच विचारतो, आम्ही मुस्लिम आहोत, आम्हाला पण हेच का?

कोर्टाच्या_वाटेवर

नॉमिनी म्हणजे मालक नाही हे तुम्हालाही लागू. हिस्से मात्र तुमच्या वैयक्तिक कायद्याने ठरतील, वरचा अष्टमांशाचा हिशोब तुम्हाला नाही. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो.

वारजेची_मुलगी

काल रविवारी दादाला हे सगळं मोबाईलवर वाचायला दिलं, आधी एफडीचं सांगितलं साहेब म्हणाले तसं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की सेक्रेटरींनी सांगितलं म्हणून मला खरंच वाटलं होतं की बाबांनी मलाच दिलाय. आईचं नाव इंडेक्स टू वर आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. विकायचं तूर्त थांबवलंय. आई मात्र अजून म्हणते मला कशाला हवेत एवढे भाग, तिला मी आणि दादा दोघंही समजावतोय.

आजीशी फोनवर बोलले, ती आईच्या लाभात सोडायला तयार आहे, काकांचीही काही हरकत नाही. पण तिला भोरहून पुण्यात आणून रजिस्ट्रेशन ऑफिसच्या रांगेत बसवायचं म्हणजे अवघड आहे, दोन पायऱ्या चढवत नाहीत. यावर काही मार्ग?

माजी_सचिव_कर्वेनगर

दादाने असं मोकळेपणाने ऐकून घेतलं हे वाचून फार बरं वाटलं. कमिटीला पत्र आता तुम्ही चौघांच्या सहीनेच द्या, म्हणजे प्रश्नच नाही.

कोर्टाच्या_वाटेवर

दोन मार्ग आहेत. आजी थोडे दिवस वारज्याला राहायला येऊ शकत असेल तर दुय्यम निबंधकांकडे गृहभेटीचा अर्ज करा, आजारी किंवा चालता न येणाऱ्या माणसासाठी अधिकारी घरी येऊन दस्त नोंदवून घेऊ शकतात, कायद्यात तशी सोय आहे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडावं लागेल. ती गाव सोडणारच नसेल तर तिने भोरच्या दुय्यम निबंधकासमोर कुलमुखत्यारपत्र करून द्यावं, फक्त या एका हक्कसोडपत्रापुरतं, आणि मुखत्यार म्हणून तुम्हाला किंवा दादाला न नेमता काकांना नेमा, म्हणजे उद्या आत्यांपैकी कुणी शंका घेणार नाही. मला विचाराल तर पहिला मार्ग धरा, माणूस स्वतः समोर असलेला दस्त कधीही भक्कम. सही येत नसेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदार घ्या, शक्यतो घराबाहेरचे. मसुदा सहीच्या आधी आजीला मराठीत मोठ्याने वाचून दाखवा आणि तसा वाचून दाखवल्याचा उल्लेख दस्तात करा. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं एक सर्टिफिकेट घेऊन ठेवा की तिला सगळं समजतंय. आणि हे पावसाळ्याच्या आत उरका, घाटातून म्हाताऱ्या माणसाला आणायचं तर रस्ता चांगला असतानाच आणलेलं बरं.